गळ टाकायला शिकले तो आश्विन

दसरा उलटला की आमच्या गल्लीतल्या स्कूटरांना शिंगं फुटतात. पुढे पाय ठेवायच्या जागेत मासे धरायचा रॉड उभा केलेला असतो, आरशाला दोरीने बांधलेला, आणि त्याचं टोक चालवणाऱ्याच्या डोक्यावर हातभर हलत असतं. पावसाळाभर खवळलेलं पाणी निवळायला लागलेलं असतं आणि वसईतली बरीच माणसं कामावरून परस्पर किनाऱ्याकडे वळतात. मी चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालताना ती टोकं बघते आणि मग माझे पाय घरात ठरत नाहीत. गॅसवर दूध असतं, मी दारापर्यंत जाऊन येते. चपला सरळ करते. परत गॅसपाशी. विजय, माझा नवरा, विचारतो, काही शोधतेयस का. मी नाही म्हणते.

त्या आश्विनाला आता तीन वर्षं झाली.

मी मूळची कराडकडची. पाणी म्हटलं की मला नदीचं माहीत, एका काठावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसणारं. लग्न होऊन वसईला आले तरी समुद्र म्हणजे पाहुणे आले की दाखवून आणायची गोष्ट. वीस वर्षांत घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. मासळी करायला शिकले, पण कोलंबी सोलल्यावर अर्धा तास हाताला लिंबू चोळत बसायची. वालीवला औषधांच्या प्लास्टिकच्या डब्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पॅकिंगवर सुपरवायझर आहे. सकाळी सात ते साडेतीन, समोरून जाणाऱ्या डब्या बघायच्या आणि वाकडी दिसली की उचलायची. या कामाची सवय वाईट. माणूस घरी आल्यावरही वाकडं काय आहे तेच शोधत राहतो.

केतकी आमची एकुलती एक. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. जूनमध्ये निकाल लागला, मार्क पहिल्या खेपेपेक्षाही कमी. ती रडली असती तर मला काही तरी करता आलं असतं. तिने जेवून स्वतःचं ताट धुतलं आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवसापासून ती घरात होती आणि नव्हती. विचारलं की म्हणायची, बरी आहे. जुलैत तिने सगळी पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या मुलीला देऊन टाकली. मला वाटलं, चांगलं झालं, कुणाच्या तरी उपयोगी पडतील. मग तिने हातातलं घड्याळ मावसबहिणीला दिलं. मग एका सकाळी मी पोळ्या लाटत असताना आजीने दिलेले कानातले ओट्यावर आणून ठेवले आणि म्हणाली, हे तुझ्या डब्यात ठेव, मला लागणार नाहीत.

ती पोळी तव्यावर जळली. वास सुटेपर्यंत मला कळलं नाही.

आम्ही तिला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली, बाई चांगल्या आहेत म्हणाली आणि पुन्हा जायला नकार दिला. माझ्या मनात जे येत होतं त्याचं नाव मी घेत नव्हते. विजयही घेत नव्हता. आम्ही दोघं वेगवेगळे उठून गॅलरीच्या दाराची कडी बघून यायचो आणि अंधारात एकमेकांना धडकलो की तहान लागली होती असं सांगायचो. ते बोलून टाकलं तर खरं होईल, असं काही तरी खुळचट भय होतं. आज लिहिताना मला आमची दोघांची कीव येते आणि थोडा रागही.

पितृपक्षात एक लांबलचक खोका घरी आला. त्यात रॉड होता, रील होतं, गळांची डबी होती. केतकीने फोनवरून मागवला होता. तिला मासे धरायचं कुठून सुचलं ते तिने सांगितलं नाही. दुपारी ती स्कूटी काढायची आणि दिवेलागणीला परत यायची, जीन्स गुडघ्यापर्यंत ओली, केसांना खारट वास. मुलगी चार महिन्यांनी घराबाहेर पडतेय म्हणून विजयला बरं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. मी मात्र कारखान्यात डब्यांकडे बघत विचार करायची, इतक्या जागा असताना हिला पाणीच का.

चौथ्या दिवशी सुट्टी झाल्यावर मी घरी न जाता रिक्षाने थेट भुईगावला गेले. क्रुसापाशी उतरून केळीच्या वाड्यांमधल्या वाटेने चालत सुरूच्या झाडांपर्यंत पोचले आणि एका खोडाआड उभी राहिले. ओहोटी संपून पाणी परत चढायला लागलं होतं. काळ्या खडकांचा एक पट्टा आत गेलेला, त्याच्या टोकाला माझी मुलगी. तिन्ही बाजूंना पाणी, पाठ जमिनीकडे. रॉड तिच्या हातात होता, पण मला रॉड दिसत नव्हता. मला तिच्या पायाखालचा दगड दिसत होता.

"मॅडम, तुमी इकडं कुठं?"

मागे जनूभाऊ होते. आमच्या कारखान्यात मेंटेनन्सला असलेले फिटर. वय साठीच्या आसपास, चांदीपला भातशेती, आणि बोलणं इतकं कमी की मशीन दुरुस्त झालं हे ते चालू झाल्यावरच आम्हाला कळायचं. ते आठवड्यातून तीन दिवस इथे येतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या खांद्याला दोन रॉड होते आणि हातात कोलंबीची पिशवी. माझ्या तोंडून निघालं, गळ टाकायला शिकायला आलेय. त्यांनी माझ्या ऑफिसच्या बॅगेकडे पाहिलं, माझ्या इस्त्रीच्या पंजाबी ड्रेसकडे पाहिलं, मग खडकाच्या टोकाकडे पाहिलं. पोरगी तुमची का, एवढंच विचारलं. मी मान हलवली. त्यांनी एक रॉड माझ्या हातात दिला.

अशी माझी सुरुवात झाली. लोक छंद म्हणून शिकतात, मी पाळत ठेवायला सबब म्हणून शिकले.

केतकी मला बघून चिडली. तू इथे कशी, म्हणाली. मी तेच खोटं पुन्हा सांगितलं. तिने विश्वास ठेवला नाही, पण थोड्या वेळाने खडकावर वीतभर बाजूला सरकली.

माझा पहिला गळ माझ्याच ओढणीत गेला. दुसरा समोर जायच्या ऐवजी सरळ वर गेला आणि पायापाशी पडला. रीलवरचं तंगूस, तो प्लास्टिकचा चिवट दोरा, असं गुंतलं की जनूभाऊंना कापावं लागलं. ते सांगायचे ते हातांनीच. रॉड मागे न्यायचा, पुढे आणताना तंगूस बोटाखालून नेमका कधी सोडायचा, तंगुसाला बांधलेला शिशाचा गोळा लांब गेला की उरलेली ढील कशी ओढून घ्यायची. कोलंबी शेपटीकडून गळावर चढवायची आणि टोक किंचित बाहेर ठेवायचं. शिंगाळा मासा लागला तर हात लावायचा नाही, त्याच्या काट्याने हात सुजतो, आधी फडक्यात धरायचा. हे गोळे ते घरीच ओतून करायचे, सगळे सारख्या वजनाचे. मी कोलंबीला नाक मुरडायची ती दुसऱ्या आठवड्यात विसरले. लिंबू चोळायचंही विसरले. कारखान्यात बायका म्हणायला लागल्या, मॅडमच्या हाताला बाजाराचा वास येतो.

पण मला काही लागत नव्हतं. शेजारी कुणाला ढोमा मिळायचा, केतकीला दोन बोई मिळाल्या, माझ्या गळावरची कोलंबी मात्र खेकडे खाऊन जायचे आणि मी रिकामा गळ ओढायची. एकदा जनूभाऊ माझ्याजवळ येऊन उभे राहिले. समुद्राकडे बघतच हळू म्हणाले, "मॅडम, तुमी पानी बघतच नाय. तुमी पोरीला बघता."

मी रिकामा गळ ओढून घेतला. ते पुढे म्हणाले, "ती बी तुमालाच बघते. मंग मासा कोन बघनार?"

मग ते आपल्या जागेवर गेले. त्यांना किती समजलं होतं, मी कधी विचारलं नाही. त्या दिवसांत त्यांचं भात कापणीला आलं होतं आणि मजूर मिळत नव्हते. घरी बसलो तर नुसता बांधावर फेऱ्या मारीन, म्हणून इथे येतो, असं त्यांनी एकदा सांगितलं. त्यांच्या टाचांच्या भेगांत शेतातला चिखल असायचा आणि तो भरतीच्या पाण्याने धुतला जायचा. बसून राहता न येणारी आम्ही तिघं एका खडकावर होतो, आणि गळ टाकायला तर नुसतं थांबता यावं लागतं.

तर्जनीवर ताणून धरलेलं तंगूस, ही त्या दिवसांतली सगळ्यात खरी आठवण. लाट आली की ते भरतं, गेली की सैल होतं. खालून खेकडा ओढतो तेव्हा कुरतडल्यासारखं लागतं. वाऱ्याने थरथरतं ते वेगळं. मला त्यातला फरक कळायला लागला त्या दिवशी मी किती वेळ केतकीकडे पाहिलं नव्हतं ते मला घरी गेल्यावर आठवलं, आणि त्या विचाराने मी तिच्या खोलीच्या दारापर्यंत तीनदा जाऊन आले.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गेली दोन वर्षं परीक्षेला उरलेले दिवस लिहिलेले असायचे. नवरात्रात मला तिथे पेन्सिलीने लिहिलेले नवे आकडे दिसले. जनूभाऊंनी केतकीला भरतीचा हिशोब शिकवला होता. तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ निघते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. तिने महिनाभराच्या चौकटींत वेळा लिहून ठेवल्या होत्या आणि पंचमी ते नवमीला गोल केले होते, कारण माझी सुट्टी साडेतीनला होते. माझ्यासाठी केले होते का, तेही मी विचारलं नाही. सासूबाईंचा फोन आला, नवरात्रात घरात मासळी नाही ना आणत. मी म्हटलं, नाही आणत. खोटं नव्हतं. तेवढ्या नऊ दिवसांत आम्हाला एकही मासा लागला नाही.

दिवाळीच्या आधीच्या अष्टमीला मशीन अडकलं. जनूभाऊ कापणीसाठी रजेवर होते, दुसऱ्या माणसाला यायला वेळ लागला आणि मी निघाले तेव्हा पावणेपाच होऊन गेले होते. रिक्षात मी तिला चार फोन केले. तिने उचलले नाहीत. क्रुसापासून मी पळतच गेले. सुरूच्या झाडाखाली तिची स्कूटी होती. खडकावर तिची पिशवी होती, चपला होत्या, कोलंबीचा डबा उघडा होता. ती नव्हती.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी बॅगेसकट पाण्यात शिरले. मला पोहता येत नाही. भरतीचं पाणी खडकांच्या फटींतून आवाज करत वर येत होतं. मी तिचं नाव घेऊन ओरडत होते की नुसतीच ओरडत होते, माहीत नाही. पाय घसरला, खडकाला चिकटलेल्या कालवांच्या धारदार कवचांवर नडगी फाटली, आणि तोंडात पाणी गेलं. मग कुणी तरी मला दंडाला धरून वर ओढलं. केतकी होती. छातीपर्यंत भिजलेली, एका हातात रॉड.

खडकाच्या पलीकडच्या अंगाला तिचा गळ अडकला होता. सोडवायला ती खाली उतरली होती, म्हणून वरून दिसली नाही.

तिने मला वाळूपर्यंत आणलं, बाटलीतल्या पाण्याने नडगी धुतली आणि स्वतःचा रुमाल बांधला. माझे दात वाजत होते. तेव्हा मी ते विचारलं. इतके महिने ज्याचं नाव घेतलं नव्हतं ते अगदी साध्या आवाजात बाहेर पडलं.

"तू जीव द्यायला येतेस का इथे?"

ती रुमालाची गाठ बांधत राहिली. "आज गळच अडकला होता," म्हणाली. मग गाठ आवळली. "ऑगस्टमध्ये यायचं मनात. रोज यायचं. रॉड मागवला तेव्हा मी इथे नक्की कशाला येणार आहे ते मलाच माहीत नव्हतं."

"आणि आता?"

"आता अधूनमधून येतं. तंगूस बोटावर असतं तेव्हा नाही येत." तिने रॉडवरची वाळू झटकली. "तू कशाला येतेस ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आई. राग यायचा. पण आज तू आली नाहीस तर मी सारखी मागे बघत होते."

मी तिला जवळ घेतलं नाही. तेवढी ताकद नव्हती. फक्त तिचं मनगट धरून बसले. तो शब्द उच्चारला तर तिला तिकडे ढकलल्यासारखं होईल असं मला वाटत आलं होतं. झालं उलटंच. बोलून झाल्यावर तिचे खांदे खाली आले. किती महिने ते कानांपाशी चढलेले होते, हे ते खाली आल्यावर मला दिसलं.

घरी गेल्यावर आम्ही विजयला सगळं सांगितलं. तो जमिनीवर बसला आणि रडला, आणि त्याला रडताना बघून केतकीही निकालानंतर पहिल्यांदा रडली. दिवाळीच्या आधीच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंची वेळ मिळाली. या वेळी ती आत जाताना म्हणाली, तुम्ही पण चला. गोळ्या सुरू झाल्या. त्या बाईंनी आम्हाला स्पष्ट प्रश्न विचारायला शिकवलं, आज मनात आलं का, किती वेळ राहिलं. सुरुवातीला ते विचारताना माझी जीभ अडखळायची. नंतर ते भाजी काय करू विचारण्याइतकं सवयीचं झालं.

केतकी आता नाशिकला असते. संख्याशास्त्र शिकते, दुसरं वर्ष चालू आहे. एक गोळी अजून आहे. वाईट आठवडा आला की ती स्वतः फोन करून सांगते, आणि तो आठवडा मी इथे कसा काढते ते मी तिला सांगत नाही. जनूभाऊ कारखान्यातून निवृत्त झाले, भुईगावला मात्र येतात. मी आजही पंचमी ते नवमी तिथे असते. सुरूखाली उभ्या असलेल्या कुणाकुणाला बोटाखालून तंगूस कधी सोडायचं ते दाखवते. धीर मात्र मला अजून आलेला नाही. आई झालेल्या बाईला तो येत असेल असं मला वाटत नाही. मला एवढंच जमतं की अस्वस्थ असताना हाताला काही तरी काम द्यायचं आणि उभं राहायचं.

हे उभं राहणं मी ज्या दिवशी शिकले तो दिवस मात्र त्याच मोसमातला, कार्तिकातला. भाऊबीज होऊन गेली होती. शुक्रवार, आमच्या कारखान्याची सुट्टी. विजय ऑफिसला गेलेला. दुपारी मी कोलंबी डब्यात भरली आणि केतकीला हाक मारली. ती पलंगावर आडवी होती. म्हणाली, आज तू एकटी जा, मला झोप येतेय.

मी दारात थांबले. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या की आता हळूहळू तिला घरी एकटीला राहू द्या, तासाभराने सुरुवात करा. त्या म्हणाल्या तेव्हा सोपं वाटलं होतं. मी तिला विचारलं, मनात काही आहे का. ती डोळे मिटूनच नाही म्हणाली, आणि म्हणाली, फोन उशाशी आहे. मी जिन्यापर्यंत गेले, परत आले. ती खरंच झोपली होती, तोंड जरासं उघडं, लहानपणी झोपायची तशी. मी दुसऱ्यांदा गेले आणि दुसऱ्यांदा परत आले. तिसऱ्यांदा खाली उतरले आणि रिक्षात बसले.

भुईगावला पाणी संथ होतं. वारा थोडा गार झालेला. जनूभाऊ कापणी उरकून आले होते, मुलगी कुठाय विचारलं, मी म्हटलं झोपलीय. त्यांनी मान हलवली. मी गळ टाकला. तंगूस बोटावर घेतलं आणि बोट थरथरतंय ते लाटेने नाही, माझंच थरथरतंय, हे मला कळत होतं. फोन पिशवीत होता आणि पिशवी माझ्या पायाला टेकलेली. मी स्वतःला सांगितलं, पाच लाटा मोजू, मग बघू. पाच झाल्या. आणखी पाच म्हटलं. सूर्य पाण्याकडे कलला.

मग ओढ लागली. खेकड्याची नव्हे. रॉडचं टोक खाली गेलं आणि रील कुरकुरलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा माझ्या गळाला काही तरी मोठं लागलं होतं. जनूभाऊ पलीकडून म्हणाले, घाई नको, येऊ द्या त्याला. मी रील फिरवायला लागले आणि त्याच क्षणी पायाशी पिशवीत फोन थरथरला.

मी विचार केला नाही. रॉड गुडघ्यांत दाबला, कोलंबीच्या हाताने फोन बाहेर काढला. काच ओली झाली होती, अक्षरं दिसेनात. कुर्त्याला पुसली. तिचा मेसेज होता.

भात किती लावू?

मी तो दोनदा वाचला. गुडघ्यांमधला रॉड हिसका बसून सरळ झाला, तंगूस पाण्यावर सैल पडलं आणि मासा गेला. जनूभाऊ माझ्याकडे बघत होते, एवढा मासा हातचा घालवणाऱ्या बाईकडे बघावं तसे. मला हसू येत होतं आणि बोटांना अक्षरं सापडत नव्हती. शेवटी लिहिलं, तिघांचा.